सारखे वय, वेगळे दिवस

दसरा-दिवाळी झाली, की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे ओस पडू लागतात. मुकादमाची गाडी येते. भांडीकुंडी, पिठामिठाचे डबे, शेळ्या-कोंबड्या, सारे गाडीत चढते. माणसे ऊस तोडायला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात. पाच-सहा महिने घराला कुलूप. आईबापांबरोबर पोरेही जातात.

आता दोन मुली डोळ्यांपुढे आणा. दोघींचे वय तेरा. एक बागायतदाराची, दुसरी ऊसतोड्याची.

पहिली सकाळी न्याहारी करून शाळेत जाते. दुखलेखुपले, तर बाप डॉक्टरकडे नेतो. मनातले सांगायला मैत्रिणी आहेत, बाई आहेत.

दुसरी पहाटे कोपीत उठते. आईबाप अंधारातच फडात गेलेले असतात. ती पाणी आणते, भाकऱ्या थापते, धाकट्या भावाला सांभाळते. अंघोळीला धड आडोसा नाही. मैत्रिणी गावी राहिल्या. पाडव्याच्या सुमाराला ती परत येते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. धडा समजत नाही. विचारायची लाज वाटते. हळूहळू शाळा सुटते.

मी मास्तर होतो. अशी पोरे मागे बसत. आम्ही त्यांना 'ढ' म्हणत असू. चूक आमची होती. फरक डोक्यात नव्हता, दिवसांत होता. पोर गप्प झाले, की आपण म्हणतो, आळशी झाले, हट्टी झाले. पण पुरी झोप नाही, पोटभर अन्न नाही, सोबती नाहीत, मग कोणाचे मन खचणार नाही? शरीराला भाकरी लागते, तसा मनाला आधार लागतो.

आईबाप तरी काय करणार हो? उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. दोघांनाही जावे लागते. वयात आलेली पोरगी कोणाजवळ ठेवायची? या धास्तीने तिचे लग्न उरकतात. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांना लग्नाचे वय विचारले. महाराष्ट्रात शंभरांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. बीड जिल्ह्यात हा आकडा ४० च्या वर होता. कोवळ्या वयात बाळंतपण आले, की अंगातली ताकद जाते. कायद्यानेही हा गुन्हा आहे.

मग करायचे काय?

गाडी येण्याआधीच शाळेत जा. हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. आजी-आजोबा असतील, तर पोरांना त्यांच्याजवळ ठेवा. न्यावेच लागले, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि तिकडच्या शाळेत दाखवा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना फुकट शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. मूल संकटात असेल, तर १०९८ या नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत.

आणि ज्यांची पोरे गावातच राहतात, त्यांनी शेजारच्या पोरालाही दोन घास द्यावेत. परत आलेल्या पोराला आपल्या पोराशेजारी बसवावे. तेवढ्यानेही त्याची शाळा टिकते.