ध्यान लावा, पण गोळी सोडू नका

“रोज ध्यान करतो, म्हणून बीपीची गोळी बंद केली.” बोरिवली-मुलुंडच्या बागांत सकाळी फिरताना हे वाक्य कानावर आलं की धडकी भरते. ध्यानाविषयीचा हा सगळ्यांत घातक गैरसमज आहे.

अमेरिकेत 2014 साली 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, असं त्यात दिसलं. औषधं किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. रक्तदाब ध्यानाने थोडा उतरू शकतो. पण मन शांत आहे म्हणून तो उतरलाच असेल, असं धरून चालता येत नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा जाणवतच नाही. तो यंत्रावरच मोजावा लागतो. पाच मिनिटं पाठ टेकून स्वस्थ बसा, दंड छातीच्या पातळीवर ठेवा, आकडे वहीत टिपा. गोळी कमी करायची की नाही, ते वही पाहून डॉक्टरांना ठरवू द्या.

विपश्यना या ध्यानपद्धतीने कुठलाही आजार बरा होतो, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. पुढे विपश्यनेचे आचार्य झालेले सत्यनारायण गोएंका 1955 साली रंगूनला ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले, ते अर्धशिशीने बेजार होऊन. डोकेदुखी घालवायला यायचं असेल तर येऊ नका, असं गुरूंनी आधी बजावलं होतं. त्याच गोएंकांनी 1969 साली मुंबईत विपश्यनेचं भारतातलं पहिलं शिबिर घेतलं. आज गोराईच्या पॅगोड्याजवळही दहा दिवसांची शिबिरं होतात, आणि विपश्यना हा वैद्यकीय किंवा मानसोपचारांना पर्याय नाही, हे शिबिरांच्या नियमावलीतच लिहिलेलं आहे. गंभीर मानसिक आजार असेल तर अर्जात तो लपवू नका. इतके दिवस मौन आणि तासन्तास बैठक काहींना झेपत नाही, त्रास वाढूही शकतो.

डोक्यात विचार आले म्हणून ध्यान फसत नाही. भरकटलेलं लक्ष पुन्हा श्वासावर आणणं, हाच तर सराव.

मनाच्या आजारांबद्दलचा आणखी एक गैरसमज: प्रश्नावली भरली म्हणजे निदान झालं. हेही खरं नाही. नैराश्याची ‘पीएचक्यू-9’ गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारते. एकूण गुण 27. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दलच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल, तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.