फळीवरील जलविहार

होडी कशी चालते हें आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु एका फळीवर उभें राहून, हातीं एकच लांब वल्हें घेऊन तळ्यावर हिंडतां येतें, असें कोणी सांगितलें तर कित्येकांस तें सर्कशींतील काम वाटेल. मलाही तसेंच वाटत होतें. गेल्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील टाहो सरोवरावर आम्हीं सात जण, चार वडील माणसें व तीन मुलें, असा जलविहार करून आलों. त्यांत जें शिकावयास मिळालें तें आपल्या शाळेंतील बालमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

टाहो सरोवर कॅलिफोर्निया व नेव्हाडा या दोन संस्थानांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० मीटर उंचीवर, डोंगरांच्या कुशींत पसरलेलें आहे. त्याची लांबी ३५ किलोमीटर, रुंदी १९ किलोमीटर आणि कमाल खोली ५०१ मीटर आहे. 'टाहो' हें नांव तेथील मूळच्या वाशो लोकांच्या भाषेंतून आलें असून त्याचा अर्थच 'सरोवर' असा आहे. याच्या नैर्ऋत्य कांठास एमराल्ड बे नांवाचें एक लहानसें आखात आहे. हवा काढून गुंडाळलेल्या फळ्या पाठीवर घेऊन आम्हीं दीड किलोमीटर उतरण चालून कांठावर आलों, आणि पंपानें त्या फुगविल्या. अशा फळीच्या वरच्या व खालच्या पडद्यांस आंतून हजारों धाग्यांनीं जोडलेलें असतें. म्हणून ती फुग्यासारखी गोल न होतां फळीसारखीच सपाट व टणक राहते.

एवढी हलकी वस्तु माणसाचा भार कसा पेलते? तरंगणारा पदार्थ आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारितो, हा आर्किमिडीजचा नियम आपण वर्गांत शिकतों. माझें वजन ७० किलो व फळीचें १०, मिळून ८० किलो. तेव्हां ८० लिटर पाणी बाजूस सारलें कीं भार तोलला गेला. फळीचा तळ सुमारें २ चौरस मीटर असतो. भागाकार करून पाहिल्यास ती अवघी ४ सेंटिमीटर बुडते असें दिसेल! तिची जाडी १५ सेंटिमीटर असल्यामुळें उरलेला भाग पाण्यावरच राहतो.

प्रथम गुडघ्यांवर बसून कांठापासून थोडें दूर जावें. मग फळीच्या मध्यावर दोन्हीं पाय फांकवून सावकाश उभें राहावें. गुडघे किंचित् वांकलेले असावेत व दृष्टि समोर असावी. पायांकडे पाहिलें कीं तोल गेलाच. वल्ह्याचें पातें दांड्याशीं थोडा कोन करून बसविलेलें असतें. तें पुढच्या बाजूस झुकलेलें धरावें. नवशिके बहुधा तें उलटें धरितात. आम्हींही धरिलें!

दोन तास मोठ्या आनंदांत गेले. पाणी आरशासारखें होतें. आमच्यांतील एका बारा वर्षांच्या मुलास उकडूं लागलें, व तो जीवरक्षक जाकीट काढण्याचा हट्ट धरूं लागला. त्याच्या मावशीनें तें काढूं दिलें नाहीं, मुलगा रुसला. पुढें उन्हें चढलीं आणि नैर्ऋत्येकडून वारा सुटला. तेथें उन्हाळ्यांत सकाळ शांत असते व दुपारीं वारा उठतो. उभा मनुष्य म्हणजे वाऱ्यास शीडच. शिवाय हा वारा कांठाकडून सरोवराच्या मध्याकडे लोटणारा. एका लाटेनें तो मुलगा पाण्यांत पडला. थंड पाण्याचा एकाएकीं स्पर्श होतांच माणूस नकळत मोठा श्वास ओढतो; त्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडूं शकतो. पण जाकिटानें त्याचें डोकें वर ठेविलें, आणि पायास बांधलेल्या दोरीनें फळी त्याच्यापासून दूर जाऊं दिली नाहीं. मिनिटभर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाहीं. श्वास ताळ्यावर आल्यावर तो फळीवर चढला. आम्हीं सर्व गुडघ्यांवर बसलों आणि सर्वांत सावकाश जाणाऱ्यास पुढें घालून कांठाकांठानें परतलों. वाटेंत त्या मुलानें जाकिटाचा पट्टा आपण होऊनच घट्ट केला.

आपल्याकडेही धरणांच्या जलाशयांवर सुटीच्या दिवशीं मुलें जातात. तेथें कांठाजवळच खोली एकदम वाढूं शकते, आणि वरून शांत दिसणारें पाणी आंत काय आहे तें सांगत नाहीं. म्हणून सहलीस जातांना इतकें ध्यानांत असावें: एकट्यानें जाऊं नये, वारा कोणीकडून कोणीकडे वाहतो तें आधीं पाहावें, जाकीट पाण्यांत उतरण्यापूर्वीं घालावें व बाहेर आल्यावरच काढावें, तळ्यावर फळीची दोरी पायास बांधावी, आणि फळीवरून पडल्यास प्रथम शांतपणें श्वास आवरून मग फळी धरावी. पालकांस माझी विनंति अशी, कीं मुलांस पाण्यावर जाण्याची मनाई करण्यापेक्षां त्यांना पाण्याची रीत शिकवावी. त्या मावशीच्या एका नकारामुळेंच आमच्या त्या दिवसाची आठवण गोड राहिली आहे.