इंग्रजीतील षष्ठी आणि एक लहानसे चिन्ह

इंग्रजी लेखनातील एका लहानशा चिन्हाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. अक्षराच्या डोक्यापाशी येणारे, स्वल्पविरामासारखे दिसणारे ते चिन्ह म्हणजे अपॉस्ट्रॉफी. आपल्या षष्ठीच्या चा, ची, चे या प्रत्ययांचे काम इंग्रजीत हे चिन्ह आणि एस हे अक्षर मिळून करतात. एकवचनात सहसा अडत नाही. घोटाळा होतो तो अनेकवचनात.

याचे कारण असे की, कानाला येथे भेदच कळत नाही. 'मुलगे', 'मुलाचे' आणि 'मुलांचे' या तिन्ही अर्थी इंग्रज 'बॉइज' असाच उच्चार करतो. ऐकणारा संदर्भाने अर्थ लावतो. वाचणाऱ्यास मात्र चिन्हाचाच आधार. मृत्युपत्रात 'माय सन्स हाउस' असे लिहिले आणि चिन्ह एसच्या आधी पडले, तर घर एका मुलाचे. एसनंतर पडले, तर सर्व मुलांचे!

मराठीत हेच काम एक टिंब करते. 'मुलाचे घर' आणि 'मुलांचे घर' यांत अंतर एका अनुस्वाराचे.

नियम सोपा आहे. प्रथम मालक एक की अनेक, हे ठरवावे आणि नामाचे रूप पुरे लिहावे, चिन्ह मागाहून. अनेकवचनाच्या शेवटी एस असेल, तर त्यापुढे केवळ चिन्ह द्यावे, दुसरा एस नको. बॉइज, टीचर्स, पेरेंट्स ही अशी रूपे होत. चिल्ड्रेन, मेन, विमेन ही अनेकवचने एसवाचून होतात. तेथे आधी चिन्ह, मग एस. 'पुस्तके' एवढ्याच अर्थाने 'बुक्स' लिहिताना मात्र चिन्हाचे कामच नाही.

या चिन्हात कधी इतिहासही साठलेला असतो. केंब्रिजचे क्वीन्स कॉलेज राणी मार्गारेटने १४४८ साली स्थापिले आणि १४६५ साली राणी एलिझाबेथ वुडव्हिल हिने त्याची पुनःस्थापना केली. राण्या दोन, म्हणून चिन्ह एसनंतर. ऑक्सफर्डचे क्वीन्स कॉलेज १३४१ सालचे. ते एकट्या राणी फिलिपाच्या नावाचे, म्हणून चिन्ह एसच्या आधी. उच्चार मात्र एकच!

तेव्हा मुलांकडून नियम घोकून घेण्यापेक्षा त्यांना वाक्याचे मराठी करावयास सांगावे. मराठीत टिंब आले, तर इंग्रजीत अनेकवचन आधी पुरे करावे. एवढे मात्र ध्यानात असू द्यावे, की 'वडिलांचे पत्र' यातील टिंब संख्येचे नव्हे, आदराचे आहे. इंग्रजीत असे आदरार्थी अनेकवचन होत नाही. वडील एकच, म्हणून तेथे चिन्ह एसच्या आधीच द्यावयाचे.