'आनंद' मेंदूतला

'आनंद' हा शब्द आमच्या घरात मराठीतही तोच आणि कन्नडमध्येही तोच. एका इस्रायली शास्त्रज्ञाने मेंदूतल्या रसायनाला हेच नाव दिले, हे वाचून मला नवल वाटले.

राफाएल मेशुलाम यांचा जन्म १९३० साली बल्गेरियातला. संशोधनासाठी त्यांनी पोलिसांकडून जप्तीतला पाच किलो चरस मागून आणला! १९६४ मध्ये येखिएल गाओनी यांच्यासह त्यांनी त्यातले नशा आणणारे टीएचसी वेगळे काढले. पुढे १९९२ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत टीएचसीसारखेच काम करणारे, पण मेंदू स्वतःच बनवतो असे द्रव्य सापडले. तेच 'आनंदामाइड'.

मला मात्र दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. नशा न आणणारे सीबीडी ब्राझीलच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी फेफऱ्याच्या रुग्णांना देऊन पाहिले. आठांपैकी चौघांचे झटके जवळजवळ थांबले. हे १९८० साली छापून आले. अमेरिकेत औषधाला मान्यता मिळायला २०१८ उजाडले. मधल्या अडतीस वर्षांत किती आयांनी लेकराचे झटके हताशपणे पाहिले असतील!

२०२३ मध्ये मेशुलाम गेले. वाचकहो, भांग-गांजा म्हणजे हे औषध नव्हे. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. पण झाड बदनाम म्हणून त्याचा अभ्यासच टाळला, तर किंमत रुग्ण मोजतो.