खिसा तेवढाच राहिला

बालरोगतज्ज्ञाचे निम्मे आयुष्य वाकण्यात जाते. रुग्ण लहान, त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर आपणच खाली झुकावे लागते. एका रात्री नवजात अर्भक कक्षात बाराशे ग्रॅम वजनाच्या बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला असताना माझ्या शर्टाच्या खिशातून मोबाइल निसटला आणि वॉर्मरच्या गादीवर, बाळाच्या डोक्यापासून दोन बोटांवर पडला. बाळाला काही झाले नाही. सिस्टरांनी फोन उचलून मुकाट्याने बाजूला ठेवला. त्या न बोलण्याचा अर्थ मला पुरता कळला.

घरी येऊन मी फोन आणि खिसा दोन्ही मोजले. फोनची उंची साडेसहा इंचांच्या घरात, खिशाची खोली जेमतेम पाच!

२००३ साली आलेल्या नोकिया ११०० चे वजन ८६ ग्रॅम होते; तो खिशात आहे की नाही, हे चाचपून पाहावे लागे. २००७ च्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंची, वजन १३५ ग्रॅम. मोठा फोन कोणी घेणार नाही, असे स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० मध्ये म्हटले होते. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट आणला आणि २०१४ मध्ये खुद्द अ‍ॅपलने साडेपाच इंची फोन काढला. २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ अल्ट्राचा पडदा ६.८ इंची आणि वजन २३२ ग्रॅम आहे. मधल्या काळात, २०२० व २०२१ मध्ये, अ‍ॅपलने छोटा ‘मिनी’ देऊन पाहिला. २०२२ च्या मालिकेत तो उरला नाही. दोष केवळ कंपन्यांना देता येणार नाही. निवड आपलीच होती.

मीही मोठाच फोन घेतला आणि त्याला कारण होते. पन्नाशी उलटल्यावर मध्यरात्री आलेला एक्स-रे किंवा रक्ताचा अहवाल लहान पडद्यावर वाचवत नाही. आमची औषधे किलोमागे मोजली जातात. एक दशांश चिन्ह नजरेतून सुटले, तर मात्रा दसपट होते. मोठ्या अक्षरांचे मोल मी जाणतो.

अडचण हाताची आहे. तपासणीच्या टेबलावर बाळ असेपर्यंत एक हात त्याच्यावर हवाच, असे आम्ही प्रत्येक आईला बजावतो. मात्र हा फोन एका हातात धरला, तर अंगठा पडद्याच्या वरच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. नकळत दुसरा हात मदतीला येतो, म्हणजेच बाळावरून उचलला जातो. हे मी आयांच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे आणि एकदा स्वतःलाही तसे करताना पकडले आहे.

रावपुऱ्यातील शिंप्याकडून खिसा खोल करून घेतला. शर्ट एका बाजूला ओढला जाऊ लागला. एप्रनच्या खिशात ठेवला, तर तो वाकताना टेबलावर आपटे.

शेवटी बटणांचा एक लहानसा फोन घेतला. तातडीचे निरोप त्यावर येतात आणि तो पँटच्या खिशात निमूट राहतो. मोठा फोन कक्षाच्या दाराशी ट्रेमध्ये ठेवून मगच मी हात धुतो; अहवाल पाहायचे असले की बाहेर येऊन, चष्मा लावून, बसून पाहतो. व्यवसायबंधूंनी एकदा आपला खिसा मोजून पाहावा, एवढीच विनंती.

परवा पाहिले, तर सिस्टरांनी त्या ट्रेवर माझ्या नावाची चिकटपट्टी लावली होती. या वेळीही त्या काही बोलल्या नाहीत.