‘दशावतार’ : एका हेवी मेटल ध्वनिमुद्रिकेची घडण आणि स्वागत

झाशीचे नाव मराठी वाचकाच्या मनात नेवाळकरांशी आणि १८५७ च्या संग्रामाशी निगडित आहे. त्याच भूभागात, बेटवा नदीच्या काठी देवगढ येथे, गुप्तकालीन वास्तुशिल्पाचा एक महत्त्वाचा नमुना उभा आहे. देवगढ आज ललितपूर जिल्ह्यात मोडते. हा जिल्हा १९७४ पर्यंत झाशी जिल्ह्याचाच भाग होता. येथील मंदिर ‘दशावतार मंदिर’ या नावाने ओळखले जाते. परंतु त्याच्या भिंतींवरील तीन प्रसिद्ध शिल्पपटांचे विषय पाहिले, तर ते गजेंद्रमोक्ष, नर-नारायण आणि शेषशायी विष्णू असे आहेत. जोत्यावरील पट्टांत राम व कृष्ण यांच्या चरित्रांतील प्रसंग आढळतात. नाव दहांचे आणि शिल्प निवडक, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दशावतार ही कल्पना म्हणजे एक साचा होय. त्या साच्यात कोणाला बसवावयाचे, कोणाला वगळावयाचे आणि कोणाला कोणते विशेषण लावावयाचे, हे प्रत्येक काळ व प्रत्येक माध्यम आपल्या परीने ठरवीत आले आहे.

हाच साचा २०१७ मध्ये मुंबईतील ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या वाद्यवृंदाने हेवी मेटल संगीतात वापरला. ‘दशावतार’ या नावाची त्यांची ध्वनिमुद्रिका दहा गीतांची असून तीतील प्रत्येक गीत एकेका अवताराला वाहिलेले आहे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला या मुद्रिकेची दखल घेण्याचे कारण केवळ नावीन्य हे नव्हे. एका जुन्या आणि अद्याप न मिटलेल्या वाङ्मयीन वादात ती, कदाचित अभावितपणे, बाजू घेते हे ते कारण होय.

प्रथम या संगीतप्रकाराविषयी थोडेसे. हेवी मेटलचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक नगरात झाला असे सामान्यतः मानले जाते. तेथील ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदाची पहिली मुद्रिका १९७० मध्ये निघाली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. म्हणून तो हलक्या तारा वापरू लागला, आणि पुढे त्याने वाद्याची स्वरजुळणीही खाली उतरविली. त्यातून निर्माण झालेला जड, खर्जातील नाद हे या संगीताचे लक्षण ठरले. विद्युत्-गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला ध्वनी, दोन्ही पायांनी वेगाने वाजविला जाणारा मोठा ढोल आणि मृत्यू, युद्ध, असुर, प्रलय असे विषय ही त्याची पुढील वैशिष्ट्ये. त्याच्या उग्र शाखांत गायक घशातून गुरगुरता स्वर काढतो. त्यामुळे शब्द ऐकून कळणे जवळजवळ अशक्य होते.

मुंबईत रॉक संगीताला १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ या वार्षिक महोत्सवाने व्यासपीठ दिले. धोबीतलावानजीकचे रंगभवन हे त्याचे प्रमुख स्थान होते. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे तेथील अशा मैफली बंद पडल्या. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ची स्थापना साहिल मखिजा यांनी २००० मध्ये केली. गायन व गिटारवादन ही दोन्ही अंगे तेच सांभाळीत, आणि गुरगुरत्या स्वराबरोबर सरळ सुरेल गायनाचाही उपयोग करीत. प्रस्थापित कंपन्यांना या संगीतात स्वारस्य नसल्यामुळे त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्थाही उभी केली. मराठी अभ्यासकाला येथे लघुनियतकालिकांच्या चळवळीची आठवण व्हावी : छापणारा नसेल तर लेखकानेच छापावयाचे, हा तोच न्याय होय.

२००५ च्या ‘अ डार्कनेस डिसेंड्स’पासून २०१० च्या ‘द रिटर्न टु डार्कनेस’पर्यंत या वृंदाचे विश्व पाश्चात्त्य अद्भुतकथेचे होते. २०१४ च्या मुद्रिकेचे नावही ‘द डेमन किंग’, म्हणजे असुरराज, असेच होते. असुराकडून अवताराकडे झालेले हे वळण म्हणूनच लक्षणीय ठरते. गीते मात्र इंग्रजीतच राहिली. त्यांच्या शीर्षकांची रचना सर्वत्र सारखी आहे : आधी संस्कृत नाम, मग त्याचे इंग्रजी विशेषण. मत्स्य ‘द फिश’, कूर्म ‘द टॉर्टॉइज’, नरसिंह ‘द मॅन-लायन’, राम ‘द प्रिन्स’, कृष्ण ‘द काउहर्ड’, असा हा क्रम आहे. ज्या गीतांचे शब्द कानांना सहजी लागत नाहीत, त्यांच्या बाबतीत शीर्षक हेच श्रोत्यापर्यंत निश्चितपणे पोहोचणारे वचन असते. या दहा शीर्षकांकडे दशावताराचे एक संक्षिप्त भाष्य म्हणून पाहिले पाहिजे.

नववे शीर्षक ‘बुद्ध द टीचर’ असे आहे. अवतारांच्या याद्यांत नववे स्थान सदैव वादग्रस्त राहिले आहे. विष्णुपुराणातील मायामोहाची कथा आणि भागवतातील उल्लेख यांत हा अवतार असुरांना भुलविण्यासाठी झाला असे सांगितले आहे. जयदेवाने ‘गीतगोविंदा’त आठव्या स्थानी बलराम आणि नवव्या स्थानी बुद्ध घेतला, आणि पशुहिंसेचा निषेध करणारा दयाळू पुरुष म्हणून त्याचे स्तवन केले. महाराष्ट्रातील काही शिल्पांत व चित्रांत नवव्या जागी विठ्ठल उभा आहे. याउलट, १९५६ मध्ये नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारले आहे. या पार्श्वभूमीवर मुंबईत घडलेली मुद्रिका बुद्धाला यादीत ठेवते, परंतु त्याला मोह पाडणारा म्हणत नाही; शिक्षक म्हणते. अमरकोशात बुद्धाच्या नामांत ‘शास्ता’ हे नाम आहे, त्याच्या हा शब्द फार जवळ जातो. यादी वैष्णवांची आणि विशेषण बौद्ध परंपरेचे, असा हा संकर आहे. प्रतिज्ञांचा आक्षेप त्यामुळे दूर होत नाही. पण पुराणातील अवहेलना मात्र गळून पडते.

दहावे शीर्षकही असेच बोलके आहे : कल्की ‘द डिस्ट्रॉयर ऑफ फिल्थ’, म्हणजे मळाचा नाश करणारा. संस्कृतात ‘कल्क’ म्हणजे गाळ, मळ, पाप. आयुर्वेदातील वाटलेल्या औषधाच्या अर्थाने हा शब्द मराठीतही परिचित आहे. कल्की या नामाची ही लोकप्रिय व्युत्पत्ती स्वीकारल्यामुळे एक महत्त्वाचा फरक पडतो. जयदेवाच्या स्तोत्रात कल्की म्लेच्छसमूहाचा संहार करतो. तेथे संहाराचा विषय माणसे आहेत. येथे तो दोष आहे. आपल्या काळात या दोहोंतील अंतर किती मोलाचे आहे, हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

सर्वच शीर्षकांना हे श्रेय देता येणार नाही. वामन केवळ ‘द ड्वार्फ’, म्हणजे खुजा, एवढाच उरतो आणि शीर्षकात बळीला स्थान मिळत नाही. मराठी मनाला ही उणीव जाणवल्यावाचून राहणार नाही. बळीचे राज्य येवो ही दिवाळीतील ओवाळणीची प्रार्थना येथील घराघरांत आहे. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार आक्रमकांच्या स्वाऱ्या म्हणून वाचले आणि बळीराजाला न्यायी राजा म्हणून मध्यभागी आणले. दक्षिण कोकणातील दशावतारी नाटकातही काळ्या वेषातील संकासुर वेद पळविणारा असूनही प्रेक्षकांचा लाडका असतो. असुराच्या बाजूने उभे राहण्याची प्रवृत्ती हेवी मेटलच्या प्रकृतीतच आहे, आणि मराठी परंपरेतही ती आहे. या दोहोंची गाठ पडण्याची संधी येथे होती. शीर्षकांच्या पातळीवर तरी ती साधलेली नाही.

आता स्वागताविषयी. या वृंदाला २०१० मध्ये नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ महोत्सवात वादनाची संधी मिळाली, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाचा पुरस्कारही लाभला. त्यामुळे ‘दशावतार’ निघाली तेव्हा तिला देशी-विदेशी असा दुहेरी श्रोतृवर्ग उपलब्ध होता. विदेशी श्रोत्याला संस्कृत नाम अपरिचित आणि इंग्रजी विशेषण परिचित. देशी श्रोत्याला नाम बालपणापासून ठाऊक, आणि विशेषण मात्र नवे. एकच शीर्षक दोघांना दोन दिशांनी वाचावे लागते. इतर वृंदांनी भाषेचा हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. सिंगापूरच्या ‘रुद्र’ने ‘ब्रह्मविद्या : प्रायमॉर्डियल आय’ (२००५) या मुद्रिकेत संस्कृत पठणाचा आश्रय घेतला. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने ‘रक्षक’ (२०२२) मध्ये हिंदी, पंजाबी व इंग्रजी यांची सरमिसळ करून ढोल आणि बासरी यांना गिटारच्या बरोबरीने बसविले.

या मुद्रिकेची भाषा इंग्रजी, विषय पौराणिक, जन्मस्थान मुंबई. भाषावार विभागलेल्या आपल्या साहित्येतिहासात तिला कोणत्या दालनात ठेवावे, याचे उत्तर सोपे नाही. आणि हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यात ‘ग्रंथ’ या संज्ञेखाली स्वतंत्रपणे छापलेला संगीतलेखनाचा कागदही येतो. ध्वनिमुद्रण मात्र येत नाही. म्हणजे कागदावरचे सूर राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचावेत अशी तरतूद आहे, प्रत्यक्ष ध्वनी पोहोचावा अशी नाही. जी मुद्रिका तिच्या कर्त्यांनी स्वखर्चाने काढली, तिचे शब्द आणि मुखपृष्ठ जपण्याचे दायित्वही मग त्यांच्यावर व त्यांच्या श्रोत्यांवरच राहते. देवगढचे शिल्पकार आज अनामिक आहेत; तरीही दगड टिकला म्हणून त्यांनी कोणते प्रसंग निवडले हे सांगता येते. आजच्या दशावताराचे भाष्यकार नावानिशी ज्ञात आहेत. त्यांचे भाष्य पुढील पिढीच्या अभ्यासकाला उपलब्ध राहावयाचे असेल, तर ते वाङ्मय आहे किंवा नाही हा वाद मिटण्याची वाट न पाहता त्याची नोंद आणि जपणूक आधी झाली पाहिजे.