‘रंगेहाथ’ पकडले म्हणजे काय? एसीबीचा सापळा नेमका कसा लागतो

‘लाच घेताना रंगेहाथ पकडले’ ही बातमी आमच्या डेस्कवर जवळपास रोज येते. तिच्यात ‘पडताळणीत लाचेची मागणी निष्पन्न झाली’ असे एक वाक्य असते आणि बहुतेक वाचक ते सोडून पुढे जातात. खटला मात्र बऱ्याचदा त्याच वाक्यावर उभा राहतो किंवा पडतो.

समजा, सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदीसाठी तुमच्याकडे दोन हजार रुपये मागितले. तुम्ही १०६४ वर फोन केला किंवा जिल्ह्यातल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कार्यालयात गेलात. तक्रार लिहून घेतात, पण लगेच सापळा लावत नाहीत. आधी तुमच्याकडे व्हॉइस रेकॉर्डर देऊन, सोबत पंच पाठवून, त्या कर्मचाऱ्याशी पुन्हा बोलायला लावतात. पंच सहसा दुसऱ्या सरकारी खात्यातला असतो. ‘साहेब, थोडे कमी करा ना’ म्हटल्यावर साहेबांनी दिलेले उत्तर रेकॉर्ड होणे महत्त्वाचे.

त्यानंतर सापळा. नोटांचे नंबर पंचनाम्यात नोंदवतात, त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात. हातावर ती दिसत नाही, पण हात सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. कॉलेजच्या लॅबमध्ये टायट्रेशन केलेल्यांना हा रंग आठवेल. काही सापळ्यांत अँथ्रासीनची पूड वापरतात, ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते.

पाणी गुलाबी झाले, म्हणजे गुन्हा सिद्ध?

नाही. नोटा सापडल्या, एवढ्याने भागत नाही. ‘उसने दिलेले परत घेतले’, ‘बळजबरीने खिशात कोंबले’ हे बचाव ठरलेले आहेत. मागणी सिद्ध झाली नाही तर शिक्षा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या बी. जयराज खटल्यात स्पष्ट केले. त्यात तक्रारदारच फितूर झाला होता. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला तरी इतर साक्षीपुराव्यांवरून, अगदी परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही, मागणी सिद्ध करता येते. पंच आणि रेकॉर्डिंगचे मोल त्यामुळे आणखी वाढले.

पैसे देणारा अडकतो का?

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही थेट गुन्हा आहे. मात्र नाइलाजाने द्यावी लागली असेल आणि ७ दिवसांत तपास यंत्रणेला कळवले, तर संरक्षण मिळते. आधी कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर गुन्हा होत नाही. सापळ्यातली रक्कमही विभागाकडून परत मिळते.

सापळ्यात जागीच अटक करायला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. अधिकृत कामात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर कलम १७ अ नुसार ती लागते. टेंडरमागचा व्यवहार पकडणे म्हणूनच अवघड. तिथे दोन्ही बाजू खूश असतात, तक्रार करणार कोण?

सापळ्यातही खटल्यासाठी कलम १९ ची मंजुरी हवीच आणि ती देतो तो आरोपीला नोकरीतून काढण्याचा अधिकार असलेला अधिकारी. कायद्यात त्यासाठी ३ महिने, कायदेशीर सल्ला लागल्यास आणखी १ महिना आहे. आणि फेरफार नोंद अजून झाली नसेल, तर तक्रारदाराला त्याच कार्यालयात पुन्हा जावे लागते.